ओढून नेऊ नका, कोपर द्या

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मी फोनवर बोलून लिहितोय, फोन मला ते परत वाचून दाखवतो आणि मी दुरुस्त करतो, तरी कुठं काना-मात्रा राहिली असेल तर तेवढी तुमच्याकडं बघून घ्या. गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर अंध माणसाला रस्ता दाखवणाऱ्या रोबोट कुत्र्याची बातमी आली होती. पोरानं सकाळी चहा पिता पिता वाचून दाखवली. हेडिंग असं होतं की आता अंधांना कुणाच्याच आधाराची गरज उरणार नाही. ते ऐकून आमच्या घरात तीन दिवस चर्चा चाललीय, बायको म्हणते घेऊया की, कितीला पडतो विचार, पोरगं म्हणतं बाबा थांबा अजून यायला टाइम आहे, आणि मला दोघांनाही जे सांगायचं होतं ते नीट सांगता आलं नाही म्हणून तुम्हाला लिहितोय.

मी स्वतः पूर्ण अंध आहे. जन्मापासून नाही. इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये २६ वर्षं लेथवर होतो, बुश, शाफ्ट, पुली, इंजिनाचे पार्ट, जे येईल ते टर्न केलं. मग काचबिंदू झाला. काचबिंदूचं वाईट एवढंच की बहुतेकांना तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात आत येतो आणि समोरचं दिसत राहतं म्हणून माणूस गाफील राहतो. मी बाजूला ठेवलेल्या पान्याला अडखळायला लागलो तेव्हा वाटलं वय झालं. डॉक्टरांनी सांगितलं तोपर्यंत गेलेली नजर परत येणार नव्हती, राहिलेली वाचवायची होती आणि ती पण नाही वाचली. ४७ व्या वर्षी सगळं बंद. आता ६१ वय आहे. (ज्यांच्या घरात कुणाला काचबिंदू आहे त्यांनी चाळिशीनंतर दरवर्षी डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या, हे या पत्राचं काम नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

पहिली दोन वर्षं मी घरातच बसलो. नंतर बाहेर पडायला लागलो तेव्हा पोराच्या नाहीतर बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, आणि एकटा सापडलो की लोकांच्या हातात. आपल्या कोल्हापूरचा माणूस मदतीला मागं हटत नाही, हे मी अंध झाल्यावर जेवढं अनुभवलं तेवढं डोळे असताना नाही. पण ती मदत कशी असते ते सांगतो. एकदा दाभोळकर कॉर्नरला मी रिक्षाची वाट बघत उभा होतो, एक भला माणूस आला, "चला काका" म्हणाला, माझं मनगट धरलं आणि भरभर ओढत मला रस्त्याच्या पलीकडं नेऊन सोडलं आणि गेला. मला पलीकडं जायचंच नव्हतं. जो गाड्यांचा आवाज माझ्या उजव्या अंगाला होता तो आता कुठनं येतोय ते कळेना, मी कुठल्या तोंडानं उभा आहे ते कळेना, आणि माझ्याच गावात, जिथं मी सायकलवरनं हजारदा गेलोय तिथं, मी पाच मिनिटं जागचा हललो नाही. त्या माणसानं मला सुखरूप पोचवलं होतं, खरचटलं पण नव्हतं. पण मी हरवलो होतो.

नंतर मी पुण्याला एका संस्थेत जाऊन ट्रेनिंग घेतलं. तिथं पहिल्याच दिवशी सरांनी शिकवलं की तुम्ही कुणाला धरू द्यायचं नाही, तुम्ही त्याचं कोपर धरायचं. कोपराच्या जरा वर, अंगठा बाहेरून, बाकी बोटं आतून, आणि त्याच्या अर्धं पाऊल मागं चालायचं. एवढीच गोष्ट, पण सगळं बदललं. तो पायरी चढला की त्याचं कोपर वर जातं ते हाताला आधीच कळतं, तो अरुंद जागेतनं जाताना हात पाठीमागं घेतो मग आपण बरोबर त्याच्या मागं येतो, तो वळला की आपल्याला वळण कळतं. आणि मुख्य म्हणजे नको वाटलं तर मी सोडू शकतो. मनगट त्याच्या हातात असतं तेव्हा सोडायचं की नाही हे तो ठरवतो. कोपर माझ्या हातात असतं तेव्हा मी ठरवतो.

काठीचं पण तसंच. पांढरी काठी म्हणजे नुसती लोकांना कळावं म्हणून धरलेली खूण असं बऱ्याच जणांना वाटतं. सुरुवातीला होतीच ती तशी, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जेम्स बिग्ज नावाच्या माणसानं १९२१ मध्ये अपघातात नजर गेल्यावर आपली काठी गाड्यावाल्यांना दिसावी म्हणून पांढरी रंगवली. पण ती लांब करून जमिनीवर डावी-उजवी फिरवत चालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी बसवली. उजवा पाय पुढं टाकताना काठीचं टोक डावीकडं टेकवायचं, डावा टाकताना उजवीकडं, म्हणजे जिथं पुढचं पाऊल पडणार ती जागा आधी तपासलेली असते. काठी नुसतं अडथळा आहे एवढं सांगत नाही, काय आहे ते सांगते. डांबर, फरशी, माती, लोखंडी झाकण, प्रत्येकाचा आवाज आणि हाताला येणारा हादरा वेगळा. २६ वर्षं लेथवर टूल लोखंडाला कसं लागतंय ते आवाजावरनं ओळखलेल्या माणसाला हे लवकर जमलं.

आज मी मंगळवार पेठेतनं एकटा भवानी मंडपापर्यंत जातो. खासबागेजवळ खाऊ गल्लीचा वास, मिरजकर तिकटीला आवाज एकदम मोकळा होतो कारण रस्ते फुटतात, बिंदू चौकाकडं गेलं की गाड्यांचा गोंगाट, आणि पुढं कातड्याचा वास आला की चप्पल लाइन. हा माझा नकाशा आहे. तो फोनमधल्या कुठल्या मॅपवर नाही.

म्हणून ती बातमी ऐकल्यावर मला पहिल्यांदा राग आला. म्हणलं मला पट्ट्याला बांधून ओढत नेणारं मशीन आणलंय आणि वर म्हणतायत आधाराची गरज नाही. दाभोळकर कॉर्नरचा तो माणूसच लोखंडाचा करून आणलाय की.

पण मग परवा आमच्या ओळखीतली एक मुलगी घरी आली, शिवाजी विद्यापीठात एमए करते, जन्मतः अंध आहे, गाव सोलापूरकडचं. तिला मी हे सगळं मोठ्या आवेशात सांगितलं, वास आणि आवाज आणि काठी. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "काका, तुमचा नकाशा आहे कारण तुम्ही हे गाव ४७ वर्षं डोळ्यानं बघितलंय. मी नाही बघितलेलं. विद्यापीठाचं आवार केवढं मोठं आहे माहितीय ना, मोकळ्या मैदानातनं चालताना काठी कशाला लागतच नाही, सरळ चाललेय की तिरकी ते कळत नाही. मी दोन वर्षात हॉस्टेल, डिपार्टमेंट आणि लायब्ररी एवढंच शिकले. बाकी कुठं जायचं तर कुणीतरी मोकळं आहे का विचारावं लागतं. मला मशीन मिळालं तर मी रविवारी उगाच फिरायला जाईन." उगाच फिरायला, हा शब्द माझ्या डोक्यातनं जाईना. मी किती वर्षांत उगाच कुठं गेलोय याचा विचार केला. नाही गेलो. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या रस्त्यानं जातो आणि परत येतो. रंकाळ्यावर पण कुणी बरोबर असलं तरच.

तेव्हा माझं मत बदललंय हे आधी सांगतो. मशीन यायला पाहिजे. माझं भांडण एवढंच आहे की ते मनगट धरणारं नको, कोपर देणारं पाहिजे.

पोराला बसवून मी यावर जेवढं सापडेल तेवढं वाचून घेतलं, तर कळलं की हे आजकालचं नाही. जपानमध्ये १९७७ मध्ये सुसुमु ताची यांनी मेलडॉग नावाच्या रोबोटवर काम सुरू केलं, चाकावरचा यंत्र-कुत्रा, ज्याच्या आत रस्त्याचा नकाशा साठवलेला आणि जो मालकाच्या चालीप्रमाणं पुढं अंतर राखून चालणार. १९७७ म्हणजे मी शाळेत पाटी घेऊन जात होतो तेव्हा. नव्वदच्या दशकात अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात योहान बोरेनस्टाइन यांनी गाइडकेन केली, ती मला ऐकूनच लई पटली. लांब दांडा, खाली दोन चाकं, पुढं अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजावरनं अडथळा ओळखणारे, आणि ढकलणारी मोटर नाहीच. ढकलायचं माणसानं. समोर अडथळा आला की छोटी मोटर फक्त चाकं वळवते आणि ते वळण दांड्यातनं हाताला लागतं. म्हणजे जोर माझा, वेग माझा, मी थांबलो की ते थांबलं. आता ग्लाइड नावाचं एक मशीन अमेरिकेत येतंय ते पण साधारण याच तत्त्वावर आहे आणि ते काढणारे अमोस मिलर स्वतः अंध आहेत.

जपानच्या चिएको असाकावा यांच्याबद्दल तर वेगळंच लिहायला पाहिजे. चौदाव्या वर्षी त्यांची नजर गेली, पोहताना डोळ्याला लागल्यामुळं. पुढं आयबीएममध्ये मोठ्या संशोधक झाल्या आणि २०२१ पासून टोकियोच्या मिराइकान विज्ञान संग्रहालयाच्या संचालक आहेत. प्रवासात बॅग बरोबर असतेच तर बॅगेलाच वाट दाखवायला शिकवूया, असं म्हणून त्यांनी आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी एआय सूटकेस बनवली. चाकाला मोटर, वर लेसरनं अंतर मोजणारा लायडार, कॅमेरा, आणि हँडलमध्ये थरथर, डावीकडं वळायचं तर हँडलची डावी बाजू हाताला कळते. हँडल सोडलं की बॅग थांबते. हे एवढंसं वाटतं पण मला त्यात कळलं की हे करणारी बाई स्वतः त्या हँडलच्या मागं चालली आहे. डोळस इंजिनिअरनं केलं असतं तर त्याला आधी वेग सुचला असता, हात सुटल्यावर काय हे कदाचित नंतर.

बातमीतला कुत्रा जसा चार पायांचा तसा चीनमध्ये शांघाय जिआओ तोंग विद्यापीठात सहा पायांचा केलाय, २०२४ मध्ये त्याची चाचणी जगभर दाखवली. सहा का, तर तीन पाय उचलले तरी तीन जमिनीवर राहतात. तिवई कधी डुगडुगत नाही, हे कुठल्याही वर्कशॉपमधल्या माणसाला सांगायला नको. पायऱ्यांवर चाक हरतं, पाय चालतो, म्हणून हा पायांचा खटाटोप. आणि अमेरिकेतच बिंगहॅम्टन विद्यापीठानं २०२३ मध्ये एक रोबोट कुत्रा असा तयार केला की पट्टा डावीकडं ओढला की तो चौकात डावीकडं वळतो. म्हणजे तिथं माणूस कुत्र्याला नेतो. मला हे सगळ्यात जवळचं वाटलं.

कारण खरा गाइड डॉग पण असाच असतो, हे लोकांना माहीत नाही. आपल्याकडं बघायलाच मिळत नाही तर कसं माहीत असणार. जर्मनीत ओल्डनबर्गला १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. लोकांना वाटतं कुत्रा माणसाला बाजारात नेतो. कुत्र्याला काय माहीत बाजार कुठं. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो, तो सांगतो सरळ, डावीकडं, आणि कुत्रा खड्डा, खांब, गाडी सांभाळतो. फक्त एकाच वेळी कुत्रा ऐकत नाही, मालक म्हणाला पुढं चल आणि पुढं धोका असेल तर तो जागचा हलत नाही. शहाणपणानं नाही म्हणायचं हे त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. मला मशीनकडनं एवढंच पाहिजे. कुठं जायचं ते मी सांगणार, आणि मी चुकलो तर तू अडायचं. मधलं सगळं माझं.

आता हे सगळं आपल्या गावात चालेल का. माझं म्हणणं आहे की जशीच्या तशी ती बॅग इथं आणली तर मिरजकर तिकटीपर्यंत पण पोचणार नाही, आणि त्याचं कारण आपण मागास आहोत वगैरे नाही, मशीनला जे दिसतं आणि जे दिसत नाही त्यात आहे. लायडार म्हणजे लेसरचा किरण सोडायचा, तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर काढायचं. भिंत, खांब, माणूस झकास दिसतो. पण काचेतनं किरण आरपार जातो, आता महाद्वार रोडवर आणि राजारामपुरीत किती दुकानांना नुसती काच आहे बघा. अल्ट्रासॉनिकला काच चालते पण मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, आणि आपल्याकडं दुकानाबाहेर डोक्याच्या उंचीला ड्रेस आणि साड्या टांगलेल्या असतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे खड्डा. वर आलेली वस्तू शोधणं सोपं, नसलेली जमीन शोधणं अवघड. त्यात पावसाचं पाणी साठलं की खड्ड्याचं तोंड चकचकीत सपाट दिसतं, कॅमेरा पण फसतो आणि लेसर पण. काठीचं टोक मात्र त्यात बुडतं. मी एकदा झाकण नसलेल्या चेंबरमध्ये गुडघ्यापर्यंत गेलोय, काठी एका बाजूला होती आणि चेंबर दुसऱ्या. गुडघ्याची वाटी सरकली, दोन महिने घरात. कुठला रस्ता ते लिहीत नाही, तसा रस्ता प्रत्येक वॉर्डात आहे.

मग नकाशा. यंत्राला आधी रस्ता फिरवून नकाशा पाठ करून देतात आणि नंतर ते त्यात स्वतःला शोधतं. आमच्याकडं गणपतीत एका रात्रीत मांडव उभा राहतो, शिवजयंतीला स्टेज, लग्नाला गल्लीच बंद, आणि सकाळी गंगावेशेकडं म्हशी रस्त्यानं येतात. म्हैस बाजूला होत नसते, आपण व्हायचं असतं, आणि ती कुठल्या बाजूनं वळणार याचा अंदाज तिच्या गळ्यातल्या घंटेवरनं येतो. जीपीएस मोकळ्यावर बरं चालतं पण चार-पाच मीटर इकडं तिकडं होतंच आणि पेठेतल्या अरुंद बोळात त्याहून जास्त. चार मीटर म्हणजे फुटपाथ आणि रस्ता यातला फरक आहे.

हे वाचून कुणाला वाटेल की म्हणजे हे अशक्यच आहे. तसं मी म्हणत नाही. मी म्हणतोय की मशीन इथं घडलं पाहिजे, इथल्या रस्त्यावर आणि आमच्याबरोबर.

त्यावर एक अनुभव सांगतो. दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं फायनल इयरला अंधांसाठी काठी हा प्रोजेक्ट करतात, कुठल्याही कॉलेजात जावा, एक ग्रुप असतोच. आर्डुइनो नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, दोनशे रुपयांच्या आतला अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक बझर, नऊ व्होल्टची बॅटरी, पीव्हीसी पाइप. पाच वर्षांपूर्वी एका कॉलेजनं मला प्रदर्शनाला बोलवलं. शाल, नारळ, आणि ती काठी हातात देऊन फोटो. मी चार पावलं चाललो तर बझर थांबेचना, कारण सभोवती माणसं उभी होती आणि तो प्रत्येक माणसाला ओरडत होता. जड पण होती, मनगट दुखलं. मी म्हणलं, बाळांनो हे वाजतंय ते बंद कसं करायचं, मला तुमचा आवाज ऐकू येईना. ते हसले, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या ग्रुपनं परत तीच काठी केली, तोच बझर. त्या पोरांचा दोष नाही, त्यांना मार्क प्रदर्शनाच्या दिवशी मिळतात. त्या आधीच्या आठ महिन्यांत एकदाही कुणी अंध माणसाला विचारलं नव्हतं की तुला काय पाहिजे.

पण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॉलेजची तीन पोरं आणि एक मुलगी घरी आली आणि म्हणाली काका आम्हाला तुमच्याबरोबर चालायचंय. तीन रविवार चालले. पहिल्या रविवारी त्यांनी फक्त बघितलं. दुसऱ्या रविवारी त्या मुलीनं डोळ्याला पट्टी बांधून माझी काठी घेतली, दहा पावलात भिंतीला गेली आणि तिथंच बसली. मी तिला कोपर दिलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी बझर काढून टाकला होता आणि त्या जागी मोबाइलमध्ये असते तशी थरथरणारी छोटी मोटर मुठीत बसवली होती, सेन्सर खालचं बघायचं सोडून वर छाती-डोक्याकडं वळवला होता, कारण मीच म्हणलं होतं की जमिनीवरचं माझी काठी बघते, मला डोक्याला लागणारं सांगा. उघडी खिडकी, ट्रकचं मागचं फळकूट, छत्रीची काडी. आयआयटी दिल्लीनं २०१४ मध्ये जी स्मार्टकेन बाजारात आणली, प्राध्यापक बालकृष्णन यांच्या ग्रुपनं, ती पण याच तत्त्वावर आहे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा तीन मीटरवरनं थरथरीनं कळतो, किंमत तीन हजाराच्या आसपास ठेवली होती. ती करताना त्यांनी अंध लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. आमच्या पोरांना हे माहीत नव्हतं, तीन रविवार चालून ती तिथंच पोचली.

कानाचं मात्र परत एकदा सांगतो, कारण बोलणारी मशीनं करणाऱ्या प्रत्येकाला बोलण्याची हौस असते. आमचे कान म्हणजे आमचे डोळे आहेत. इअरफोन घालून चालणं म्हणजे तुम्ही डोळे मिटून गाडी चालवण्यासारखं. आणि आता तर इलेक्ट्रिक स्कूटर आल्यात, आवाजच नाही, अंगावर आल्यावर वारा लागतो. तेव्हा कानाबाहेरच्या हाडातनं ऐकू येणारे हेडफोन द्या नाहीतर हाताला सांगा, आणि विचारल्याशिवाय बोलू नका. पण विचारलं की नीट सांगा. नुसतं डावीकडं वळा असं नको, समोर फळाचा गाडा आहे म्हणून वळतोय असं सांगा. मला गाडा आहे हे कळलं तर मी कदाचित केळी घेईन.

रोबोटच्या नावाखाली रस्त्यांचं काम बाजूला पडेल अशी भीती आमच्यातल्या काही जणांना वाटते आणि ती खोटी नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सगळीकडं सहज जाता-येता यावं याचे, किमान नियम नुसते सल्ला म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक करा. जपानच्या सेइची मियाके यांनी शोधलेल्या आणि ओकायामात १९६७ मध्ये पहिल्यांदा बसवलेल्या त्या पायाला वाट कळावी म्हणून असलेल्या उठावाच्या पिवळ्या फरशा आपल्याकडं पण काही ठिकाणी बसवल्यात, मी एका ठिकाणी त्यावरनं चालत गेलो आणि थेट विजेच्या खांबाला आपटलो. फरशी बसवणाऱ्यानं ती काय आहे ते कुणाला विचारलंच नव्हतं. परत तीच गोष्ट. रस्ता असो नाहीतर रोबोट, आम्हाला शेवटी दाखवायला बोलवतात.

पैशाचं म्हणाल तर २०२१ मध्ये युनिट्री नावाच्या चिनी कंपनीनं चार पायांचा रोबोट २,७०० डॉलरपासून विकायला काढला, तेव्हाचे दोन लाख रुपये, आणि तो पण नुसता चालणारा, वाट दाखवणारा नव्हे. २०११ च्या जनगणनेत दिसण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक आहेत, त्यातल्या किती जणांकडं दोन लाख आहेत. म्हणून मला कुत्र्यापेक्षा ती दोन चाकांची ढकलायची काठी जास्त जवळची वाटते. पाय बारा मोटरवर चालतात, चाकाला वळवायला एक मोटर पुरते. बॅटरी कमी, वजन कमी, बिघाड कमी. आणि बिघडली तर दुरुस्त कुठं करायची हा प्रश्न कुणी विचारत नाही, मी विचारतो कारण मी तेच काम केलंय. आमच्यातल्या एकाला कुणीतरी परदेशातनं सेन्सरची काठी आणून दिली, चार्जिंगची पिन तुटली, दीड वर्ष कपाटात पडून आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या नावाजलेल्या यंत्र-कारागिराच्या गावात हे होऊ नये.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, एवढी वर्कशॉप आहेत, कास्टिंग आहे, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीनं आहेत, आता तर थ्रीडी प्रिंटर पण आलेत. कॉलेजात सॉफ्टवेअरची पोरं आहेत. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर, जे कॉम्प्युटर अंधांना वाचून दाखवतं, ते ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी २००६ पासून उभं केलं आणि जगाला फुकट दिलं, माझी ती विद्यापीठातली मुलगी त्यावरच एमए करते. दोन अंध पोरं ते करू शकली तर कोल्हापुरात दांडा, दोन चाकं आणि सेन्सर जमवणं अशक्य नाही.

तर माझी विनंती दोन. तुमच्या पेपराला ही की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर छापायच्या आधी एका अंध वाचकाला फोन करा, हेडिंग आपोआप बदलेल. आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना, त्यांच्या सरांना ही की जूनमध्ये प्रोजेक्टचा विषय ठरवतानाच आमच्याकडं या, फेब्रुवारीत शाल-नारळ घेऊन नको. मी दर रविवारी सकाळी सात वाजता खासबाग मैदानाच्या दारात असतो, तिथनं चप्पल लाइनपर्यंत चालत जातो आणि परत येतो. त्या विद्यापीठातल्या मुलीला विचारलंय, ती पण पुढच्या महिन्यापासून येते म्हणाली. जे काय बनवाल ते घेऊन या, मोडकं असलं तरी चालेल. चाकाचा बुश बसत नसेल तर सोबत आणा, लेथवाला मित्र ओळखीचा आहे, मी बोटानं चाचपून किती काढायचं ते सांगतो.

आपला नम्र,
एक निवृत्त टर्नर आणि तुमच्या पेपराचा ३० वर्षांचा वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर